शेडमागची बोअर

थेरगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

सुमनताई,
तुला नि दाजींना नमस्कार, सलोनीचा गालगुच्चा. मी बरा आहे. फोन बंद ठेवलाय, म्हणून सोपानरावांच्या टेम्पोतून चिठ्ठी पाठवतोय. ते खाली हॉर्न वाजवतायत. वाजवू दे.

चाकणची नोकरी सोडली. तू म्हणशील, आधी वाकडला पार्सलं, मग रावेतला वॉचमन, आता हे. पण इथं चार महिने टिकलो होतो गं! गेटवर मोठा बोर्ड होता. जगाचं पाणी वाचवायचं म्हणून परदेशातल्या हेड ऑफिसनं सगळ्या कारखान्यांना टार्गेट दिलेलं : दोन हजार तीसपर्यंत सांडपाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये. आम्ही जानेवारीतच गाठलं. पेढे वाटले, केशराचे. मी तीन खाल्ले.

कसं गाठलं, ते सांगायचंय. पाणी साफ करायचं मशीन दिवाळीपासून बंद. आमचे सुपरवायझर केयूरसाहेब म्हणाले, "भावा, शेडमागं जुनी कोरडी बोअर आहे, तिच्यात पाइप सोड. जमिनीचं पाणी जमिनीला. पुण्य लागेल." मला खरंच वाटलं. गावात पावसाचं पाणी विहिरीत सोडतात ना, तसंच. रोज मीच पाइप सोडायचो. शनिवारी प्लेटिंगवाल्या, म्हणजे क्रोमचा मुलामा देणाऱ्या गणराजला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर तो म्हणाला, "येड्या, क्रोमचं पाणी हाय ते, विष! हात बघ तुझे."

हातांचं सोड.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, बोअरला पिवळसर पाणी येतंय, टाकी धुवायला हवी. ताई, टाकी धुऊन काही होणार नाही. तुमची बोअर आमच्या कुंपणापासून तीन शेतं लांब. मला तेव्हाच कळलं. आणि मी सलोनीच्या वाढदिवसाचं विचारत बसलो. दोन दिवस झाले. दोन दिवस ती तेच प्यायली.

उकळूनही जात नाही म्हणे. घोटभरसुद्धा पिऊ नका, पीठ मळायलाही घेऊ नका. टेम्पोत पाच जार आहेत. सलोनीला आजच डॉक्टरकडे ने, सगळं सांग. वाडीत घरोघर सांग. कुणी केलं विचारलं, तर माझं नाव घे.

साहेबांनी दम दिलाय, पाइप तुझ्याच हातात होता म्हणून. होताच. उद्या प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात जाऊन तेच सांगणार आहे.

तिचं पोट दुखतंय का, एवढं सोपानरावांजवळ कळव. मला शिव्या नंतर दे.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझा भाऊ
निरंजन