चौदाव्या फेरीचे पाकीट

हे लिहिण्याची दोन कारणे आहेत. येत्या गुरुवारी, २० नोव्हेंबरला, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. आणि मागच्या मंगळवारी ऑस्ट्रेलियाहून एक छापील पान आले, त्यावर माझी सही मागितली आहे. पहिले कारण एकटे असते तर वकिलाने केलेले इंग्रजी मृत्युपत्र पुरेसे होते.

मी, सुचित्रा दिगंबर अंतरकर, वय अठ्ठावन्न, नागपूरच्या कॉलेजातून १९४९ साली गणित घेऊन बी.ए., राहणार ट्रॉय, मिशिगन. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. तशी कोणाची हिंमतही नाही.

१. घर आणि बँकेतील रक्कम माझी मुले विवेक व दीपा यांना निम्मे-निम्मे, इंग्रजी मृत्युपत्रात आहे तसेच. पडद्यांवरून भांडू नये. पडदे वाईट आहेत, टाकून द्यावेत.

२. शिवणयंत्र शेजारच्या नीला देवधर हिला. जाड कापड घालण्यापूर्वी सुई बदलावी. हे मी तिला चारदा सांगितले आहे.

३. गणिताची पुस्तके सनीव्हेलला दीपाकडे. समासात मी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या बरोबर आहेत, छापील उत्तरे चूक आहेत.

४. पितळी घंटा इथल्या मराठी मंडळाला. अध्यक्षांनी भर सभेत मला विचारले होते, "काकू, पाच म्हणजे पाचच? हे काय ऑफिस आहे का?" नाही. ऑफिसात लोक वेळेवर येतात. यापुढे कार्यक्रम सुरू होण्याच्या वेळी ही घंटा वाजवावी, सभागृहात कोणी असो वा नसो.

ही घंटा कुठली, ते आता सांगितले पाहिजे.

१९६७ ते १९७६ आम्ही ऑस्ट्रेलियातील मरांबूल या गावी होतो. माझे पती दिगंबर तिथले एकमेव डॉक्टर. गव्हाची शेते, मेंढ्या, आणि दर शनिवारी फुटबॉल. तो त्यांचा स्वतःचा खेळ आहे: लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब, अठरा-अठरा गडी. लोक मैदानाच्या कडेने गाड्या लावून आत बसतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. आसपासच्या सहा गावांचे सहा क्लब मिळून मरांबूल जिल्हा लीग. सहाही क्लबांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून १९७० साली त्यांनी मला सचिव केले. मी कोणत्याच क्लबची नव्हते, हीच माझी पात्रता. सामन्याची वेळ सांगणारा भोंगा बिघडला की वाजवायची ही घंटा मी निघताना त्यांनी मला दिली.

५. लीगच्या सभांच्या माझ्याकडील नकला लीगला परत कराव्यात. माझ्या काळातील नोंदी अचूक आहेत, एक सोडून. ती अशी.

दर सामन्यानंतर पंच तीन उत्तम खेळाडूंना गुप्त मते देतो. चिठ्ठी पाकिटात घालतो, चिकटवतो, जोडावर सही करतो. पाकिटे आमच्या व्हरांड्यातील कुलूपबंद पेटीत पडत. सप्टेंबरात, हंगामाच्या शेवटी, सर्व क्लबांसमोर हॉलमध्ये पेटी उघडायची, मते मोजायची आणि पदक द्यायचे. पंचाने पाकीट स्वतःच्या हाताने पेटीत टाकावे, हा नियम मी केला होता.

२१ जुलै १९७३, चौदावी फेरी. पंच लेस कॉनॉली, रेल्वेत काम करणारे, एकोणीस वर्षे शिट्टी फुंकलेले. चेंडू लागून त्यांचे बोट मोडले. दिगंबरनी दवाखान्यात पट्टी बांधली. दवाखाना आमच्याच घरात. मी दुसऱ्या मैदानावर होते.

सप्टेंबरात पेटी उघडली तर एक पाकीट कमी. लेस मागच्या बाकावरून म्हणाले, "मी ते डॉकच्या हातात दिलं होतं. म्हटलं, मिसेसच्या पेटीत टाका."

सगळ्यांनी दिगंबरकडे पाहिले. ते म्हणाले, "मला आठवत नाही." ते खरे होते. त्या दिवशी त्यांच्याकडे रुग्णांची रांग लागली होती.

मग मला विचारले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरी आलेले पाकीट पेटीत पडते. पेटीत नाही, म्हणजे आलेले नाही." सिद्धता मांडावी तशा आवाजात म्हणाले. लेसना त्याच रात्री पंचांच्या यादीतून काढले.

नोव्हेंबरात दिगंबरचा लोकरी कोट धुवायला काढला. मी कोट वर्षातून एकदाच धुते. खिसा फाटला होता आणि पाकीट अस्तरात गेले होते. जोडावर लेसची सही, मोडक्या बोटाने केलेली, वाकडी.

दिगंबर म्हणाले, "आता कशाला उकरायचं? सगळं गाव आपल्याकडे औषधाला येतं. राहू दे." ते आज उत्तर द्यायला नाहीत, म्हणून त्यांच्यावर टाकत नाही. पाकीट लोखंडी कपाटात मी ठेवले. किल्ली माझ्या कमरेला होती.

पुढे तीन हंगाम लेस फाटकापाशी प्रेक्षक म्हणून उभे असत. दर शनिवारी टोपी काढून म्हणत, "गुड आफ्टरनून, मिसेस अंतरकर." एकदाही आवाज चढवला नाही. मीही दर वेळी "गुड आफ्टरनून" म्हणाले.

आता माणसे कमी झाली म्हणून लीग बंद होत आहे. क्लब शेजारच्या लीगमध्ये जाणार. ५ डिसेंबरला शेवटची सभा, आणि त्या निमित्ताने इतिहास छापणार आहेत. मला आलेल्या पानावर लिहिले आहे: "१९७३ साली पंच एल. कॉनॉली यांनी मतांचे पाकीट न दिल्यामुळे त्यांना काढण्यात आले." खाली सही करून हे बरोबर असल्याचे कळवावे, अशी विनंती आहे. लेस एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून दर शनिवारी मैदानावर येतात, असेही पत्रात आहे.

६. म्हणून माझ्या मृत्यूनंतर सदर पाकीट लीगकडे पाठवावे.

वरील कलम लिहून झाल्यावर मी सगळे स्वयंपाकघरात वाचून दाखवले. विवेक व नीला हजर होते. विवेक त्याच मैदानांवर वाढला, लेसना ओळखतो.

तो म्हणाला, "आई, दॅट्स नॉट फेअर. आणि ऑपरेशननंतर तू छान वीस वर्षं जगलीस तर? ते तोवर थांबणार आहेत का?"

"मध्ये बोलू नकोस."

"काकू, बोलू द्या ना त्याला," नीला म्हणाली.

"तू सगळ्यांसमोर उभी राहून बोललीस. सॉरी मात्र मेल्यावर?" विवेक म्हणाला.

'मेल्यावर' हा शब्द आईसमोर वापरल्याबद्दल मी त्याला रागावले. बाकी त्याचे बरोबर होते.

कलम ६ रद्द. त्यावर मी रेघ मारली आहे. मला प्रवासाची परवानगी नाही, म्हणून विवेक जाईल. सुट्टी त्याने मागून घेतली आहे. हॉलमध्ये त्याने माझे पत्र उभे राहून वाचावे, पाकीट लेसच्या हातात द्यावे. उघडायचे की नाही, हे लेसनी ठरवावे. मते मोजायची की नाही, हे क्लबांनी. पाकिटात कोणाची नावे आहेत, मला माहीत नाही. मी ते कधी उघडले नाही. हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही.

साक्षीदार: नीला देवधर. गुरुदत्त देवधर.
सही: सुचित्रा दिगंबर अंतरकर
ट्रॉय, मिशिगन. रविवार, १६ नोव्हेंबर १९८६.

आज दुपारी चार वाजता विवेक अंतरकर याच्या हाती दिले:

एक, चौदाव्या फेरीचे पाकीट, बंद. जोड शाबूत असल्याचे त्याने दिव्याखाली धरून पाहिले.

दोन, लेस कॉनॉली यांना माझे पत्र, एक पान, उघडे.

तीन, इतिहासाचे छापील पान. त्यातील वाक्य मी खोडले आहे आणि त्याजागी शाईने लिहिले आहे: "पंच एल. कॉनॉली यांनी पाकीट त्याच दिवशी दिले होते. ते सचिवाच्या घरी होते." खाली माझी सही केली आहे.

मिळाले: विवेक