पाटीवर माझं नाव

६ मार्च, सकाळी ७
चोवीस तास भिजवून बांबूचं बी पेरलं. बी साडू हंबीररावांनी धारहून पाठवलं. तिकडे बाग गावाजवळ बांबू फुलला, तिथून आणलं म्हणे, निम्मं मला. उपकार करायची एकही संधी सोडत नाहीत.
समाजाच्या कार्यालयाला जुलैत बांबूचं कुंपण करायचंय. चाळीस रोपं. रोपं देईल त्याच्या नावाची पाटी. हंबीरराव राहतात धारला, पण देवासच्या या कार्यालयात दोन पंखे आणि वॉटर कूलर त्यांच्या नावाचे. मी चौतीस वर्षं वीज मंडळात काढली आणि पंगतीला बसतो त्यांच्या पंख्याखाली. ही पाटी माझी.

९ मार्च
काही उगवलं नाही. नर्सरीवाल्या तुकारामला विचारलं. म्हणाला, भिया, पंद्रा दिन तो लगेंगे, और कच्चा गोबर मत डालना. आपलं गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरवतो. दोन तगारी ताजं शेण घातलं.

२४ मार्च
उगवलं! हंबीररावांकडे शून्य. बी मुंग्यांनी नेलं. फार वाईट वाटलं. खात्री करायला दोनदा फोन केला.

११ एप्रिल
वाफ्यात दोन प्रकार. एक दाट, तरतरीत. दुसरं बारीक, दोन-तीन पानांचं, रडकं. तणाची दया करून चालत नाही. रडकं सगळं उपटलं. आमची उमाबाई म्हणाली, जीव आहे हो त्यात. घेऊन गेली, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावत बसली. हिला शेतीतलं कळत नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मेहुणी धारहून आली. तिला मुद्दाम वाफा दाखवला. हंबीरराव हल्ली उदास असतात म्हणाली. मी पन्हं अजून एक ग्लास घेतलं.
जाताना उमाबाईने ओटी भरली आणि गाडीत दोन खोकी ठेवली. बहिणीला काय देते ते मी विचारत नाही. तेवढ्यात धारला फोन लावला होता, मुंग्यांची चौकशी करायला. उमाबाई मध्येच काहीतरी सांगत होती. हूं म्हटलं.

१४ जून
माझा बांबू गुडघ्याएवढा. शेंड्यांना बारीक कणसंसुद्धा आली. लोकांचा बांबू चाळीस वर्षांनी फुलतो, माझा तीन महिन्यांत. हात गुणाचा.
हंबीररावांनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. चाळीस रोपं! विकत घेतलेली, शंकाच नाही. तीही दुधाच्या पिशव्यांत, देवासच्या डेअरीच्या. कंजूषपणाची हद्द. मी अंगठा दिला नाही. उमाबाईने तीन बदाम दिले. जेवण गेलं नाही.

२ जुलै
हंबीररावांचे काल तीन फोन, आज दोन. मिरवायचं असणार. उचलले नाहीत. संकल्प: पाटी लागेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही.

१९ जुलै
रोपं कार्यालयात न्यायला तुकारामला हातगाडी घेऊन बोलावलं. त्याने वाफ्यातलं एक कणीस तोडून चोळून बघितलं. मग म्हणाला, साब, ये तो घास है, गाय को डाल दो. बांबूचं रोप आधी कसं असतं विचारलं. म्हणाला, पतला-सा, दो-तीन पत्ती का.
घरात येऊन उमाबाईला विचारलं, ती उपटलेली कुठे आहेत. म्हणाली, भाऊजी उदास होते म्हणून ताईला दिली, तुम्हाला विचारूनच दिली, तुम्ही हूं म्हणालात.

२० जुलै
रोपण झालं. चाळीसच्या चाळीस. पाटी: सौजन्य, हंबीरराव.
चहाच्या वेळी ते स्वतःच जवळ आले. म्हणाले, अहो, रोपं तुमच्याच घरची, पाटीवर तुमचं नाव घालायचं म्हणून पाच फोन केले, पेंटर खोळंबला होता, शेवटी अध्यक्षांनी माझंच घातलं. चेहरा खरोखर पडला होता. मला तो माझ्यासाठी पडायला नको होता. चांगला माणूस आहे, हेच सहन होत नाही.
धारहून रोज येणं त्यांना जमणार नाही. म्हणून पाणी घालायचं काम सर्वानुमते माझ्याकडे. उद्या सकाळी सहाला.
गाईने गवत अर्ध्यावर सोडलं.