नमुन्यातलं नाव

ऑकलंड, रविवार

तीर्थरूप बाबांस,
कांचनचा इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. इथं सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात कुरडया मिळाल्या, पण आईच्या हातच्या त्या आईच्याच.

नवं काम काय, असं विचारलंत. आफ्रिकेतली तरुण मुलं टेकमधल्या नव्या कंपन्या काढतात. गुंतवणूकदारांपुढे ठेवायला त्यांना कागद लागतात, त्यांचे एकसारखे नमुने मी तयार करते. म्हणजे कोर्टाबाहेर तुमच्या टेबलावर चालायचं तेच, फक्त टाइपरायटर नाही. कार्बनचा वास मात्र फार आठवतो.

तुम्ही म्हणायचात, नमुन्यात जागा कोरी ठेवू नये, नाव घालावं, म्हणजे माणसाला कळतं कुठं लिहायचं. म्हणून मी सगळीकडे तुमचंच नाव घातलं: संस्थापक, गुरुनाथ.

आणि घोटाळा झाला! युगांडाच्या एस्थरनं घाईत एका पानावर ते तसंच ठेवलं. तुमच्याकडच्या त्या बाईंचा अर्ज नाही का 'अमुक तमुक' नावानंच गेला होता, तस्संच. मी बॉसची बोलणी खाल्ली. नोकरी आहे अजून, काळजी नको.

बैठकीत गुंतवणूकदारांनी तिला विचारलंच, "हे गुरुनाथ कोण?" एस्थरला मी तुमच्याबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, "आमच्या कागदांचे आजोबा." सगळे हसले आणि तिचं कामही झालं.

हाताची थरथर कशी आहे? मागचं पत्र आईच्या अक्षरात होतं, खाली सहीची जागा कोरी. नियम तुमचाच आहे ना, बाबा? वेडंवाकडं का होईना, नाव घाला.

वाट बघणारी,
कांचन