चाळीस कोट आणि दोन खोल्या

१४ मार्च, रविवार

प्रिय ताई,

आधी नमस्कार, मग चौकशी, मग भांडण, हा आपला नेहमीचा क्रम. गुडघा कसा आहे? शेकतेस का, की नुसतं "बरं आहे" म्हणून वेळ मारून नेतेस? मी मजेत आहे. मजेत म्हणजे काय, उड्या मारतेय.

ताई, इथे नळाला दिवसभर पाणी येतं! दुपारी अडीचला तोटी फिरवली तरी धो धो. पहिले आठ दिवस मी सवयीने डबे, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवत होते. शेजारची नर्स म्हणाली, "अहो, पाण्याला काय पाय फुटणार आहेत?" तिकडे तू चार मजले बादल्या चढवतेस हे मी तिला सांगितलंच नाही. आपल्या राज्याची अब्रू परक्यांपुढे कशाला काढा!

भाड्याचं ऐक. तिकडे एका खोलीत अर्धी कमाई जायची. इथे दोन खोल्या, तळमजला, खिडकीत सकाळचं ऊन, आणि पगाराचा चौथा हिस्साही जात नाही. एका पासावर महिनाभर कुठल्याही बसने फिरा. सरकारी दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे, हाडांचे डॉक्टर मंगळवारी नि शुक्रवारी बसतात. (चौकशी केली. सहजच.) आणि कारखान्यात सहाचा भोंगा झाला की मशीन बंद म्हणजे बंद!

सगळंच गोड लिहिलं तर म्हणशील, धाकटी थापा मारते. तर दूध महाग. भाजी दीडपट. पहिलं विजेचं बिल बघून माझे डोळे पांढरे झाले. इथली भाषा अजून जिभेवर बसत नाही, त्यामुळे रविवारी बोलायला कोणी नाही. आज सकाळी मी पातेल्याला "तापलास का रे" म्हणून विचारलं.

आता एक फजिती. हसशील, पण शेवटपर्यंत वाच.

इस्पितळाच्या डॉक्टरांसाठी पांढऱ्या कोटांचं काम आलं. कापड कारखान्याच्या मालकीणबाईंनी स्वतः कापलं, शिवले मी. चाळीस कोट. काय सांगू, एकेक शिवण सरळ रेघ! चार दिवसांनी चाळीसच्या चाळीस परत. एकालाही बटण लागेना. एका जाड्या डॉक्टरांचं बटण तर उडून औषधाच्या ट्रेमध्ये पडलं म्हणे.

मी ठामपणे म्हटलं, "कापण्यात चूक आहे." मालकीणबाईंनी माझ्या अंगावरच्या सदऱ्याची कड उलटी केली आणि टेप लावली. हा तूच कापलेला, निळा. मग म्हणाल्या, "बाई, तू शिवण एक बोट जास्त आत घेतेस. हे कापणाऱ्याला ठाऊक होतं. त्याने तेवढं कापड जास्त सोडलंय."

सतरा वर्षं, ताई! सतरा वर्षं तू गुपचूप एक बोट जास्त सोडत राहिलीस आणि मी तुलाच ओरडत राहिले, की तू कापड उधळतेस. निघतानासुद्धा तेच बोलले. वर म्हणाले, "तुझ्या हाताखाली माझी कला वाया गेली." कसली कला नि कसलं काय! तू एकदा तरी का बोलली नाहीस गं?

ते चाळीस कोट मी एकटीने उसवले. उसवता उसवता मालकीणबाईंनी विचारलं, "खरं सांग, तुझी बहीण का नाही आली? मी तर दोघींना बोलावलं होतं."

हो ताई. दोघींना. त्यांचं बोलावण्याचं पत्र मी फोडलं, मीच वाचलं, आणि तुला सांगितलं, एकच जागा आहे. इथे येऊन मालकीणबाईंना सांगितलं, ताईला यायचं नव्हतं. मला एकदा तरी कुणाची धाकटी न होता जगून बघायचं होतं. तू मात्र त्या दुखऱ्या गुडघ्याने मला स्टेशनवर सोडायला आलीस आणि गाडी हलेपर्यंत हात हलवत राहिलीस. त्याची मला लाज वाटते. पाणी येतं तेव्हा सगळ्यात जास्त वाटते.

काल मालकीणबाईंना सगळं खरं सांगितलं. रागावल्या, पण कापण्याचं टेबल महिनाअखेरपर्यंत रिकामं ठेवते म्हणाल्या. नंतर दुसरं माणूस घेतील. त्यांचं ते पत्र सोबत जोडलंय. तिसरी ओळ वाच, "दोघी मिळून या." आता ठरव. राग धरलास तर तो तुझा हक्कच आहे, पण तळमजला मी कुणाच्या गुडघ्यासाठी घेतला हे तुला कळलंच असेल.

आलीस तर तुझीच कात्री आण. आणि आधीच सांगून ठेवते, मी शिवण कमी आत घ्यायला शिकलेय. तू सवयीने कापशील, मी नव्या हाताने शिवेन आणि सगळे डॉक्टर ढगळ्या कोटात फिरतील. तेव्हा या वेळी एकमेकींना सांगून करू.

उत्तराची वाट बघत, दुसरी खोली रोज झाडून ठेवणारी,
तुझी धाकटी