पोटाखालच्या अकरा टाइल्स

मंगळवार, १२ मार्च १९८५

दोन धडाके झाले आणि कपाटातल्या बश्या नाचल्या. म्हणजे म्हातारी आली आभाळातून! अंतराळयानाला आम्ही शेडमध्ये म्हातारीच म्हणतो. आतली पाचही माणसं धड आहेत. धावपट्टीवर सकाळी मगर पसरली होती म्हणे, तिला हुसकायला तीन माणसं आणि एक ट्रक लागला! आता आधी ती मुखवटेवाली पोरं विषारी वाफ राहिलीय का बघणार, मग ओढत शेडमध्ये आणणार, मग आमची पाळी.

बुधवार, १३ मार्च

एक टाइल गेली, उतरताना यानाला जळू न देणाऱ्यांतली. पोटाखालची, डाव्या चाकाच्या झाकणाजवळची. तिथं नुसता लाल गोंदाचा डाग राहिलाय आणि मागचा पत्रा भाजून काळा पडलाय.

प्रेंटिस, आमचा तपासनीस, मान वर करून करून लाल झाला. खिशात पाच पेनं, तोंडावर मिसरूड नाही. म्हणाला, "उडताना इंधनाच्या टाकीवरच्या बर्फाचा तुकडा लागला असणार, मिस आर्डेल. नेहमीचंच."

मी म्हटलं, "असणार."

बर्फ कसला डोंबलाचा! ती टाइल माझी.

गुरुवार, १४ मार्च

लिहून टाकते. शाळा माझी जेमतेम पाचवी, पण एवढं लिहिता येतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलं उड्डाण तोंडावर आलेलं. हा लाल गोंद भारी आळशी, सुकता सुकत नाही. पाळी संपेपर्यंत ठरलेल्या टाइल्स बसल्या नाहीत की मुकादम डोक्यावर येऊन उभा. ओझेला माझी जोडीदारीण. आधी आम्ही दोघी संत्र्यांच्या गोदामात होतो, तिथून बरोबरच इथं आलो. ती म्हणाली, "अगं, वाटीत थुंक जराशी. पटकन धरतो." थुंकलो की दोघी! आणि खिदळलो. ओढून तपासल्या तेव्हा पक्क्या बसल्या होत्या.

पुढं वर्षभरानं साहेबानं सगळ्यांना बसवून सांगितलं — थुंकीनं गोंद लवकर धरतो, पण आतून कच्चा राहतो. मी खाली बुटांकडे बघत बसले. ओझेलानं कोपर मारलं. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

थुंकी घालून बसवलेल्या माझ्या अकरा होत्या. आता दहा. ओझेला तर नाताळात मेली.

शुक्रवार, १५ मार्च

सुया टोचायचं काम. प्रत्येक टाइलला एक टोचा, आत औषध सोडायचं, म्हणजे पाणी शोषत नाही. दिवसभर मान वर. माझी पहिली आली तेव्हा हात थांबला. सुई आत गेली आणि तपकिरीचा वास आला — ओझेलाच्या दाढेत असायची ती. शेडमध्ये तंबाखूला सक्त मनाई आहे!

"गप बस," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार.

शेजारच्या शिडीवरून डेल्फीन, आमच्यातलीच एक टाइलवाली, म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं?"

"तुझ्या सासूशी."

"ती जिवंत आहे अजून!"

"म्हणूनच ऐकत नाही."

हसली. मी पण हसले. वास गेला नाही. दहाही टाइल्सपाशी आला, आणि मधल्या कुठंच नाही.

रविवार, १७ मार्च

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी पुढच्या फेरीच्या पाच जणांची नावं घेऊन प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. घरी येऊन मक्याच्या ग्रिट्सची लापशी करपवली.

सोमवार, १८ मार्च

काळ्या पत्र्यावर नवी टाइल बसली. प्रेंटिसच्या कागदावर — कारण, बर्फ. मिटलं म्हणे.

मंगळवार, १९ मार्च

पुढच्या फेरीतली माणसं आली. दर वेळी येतात, हात मिळवतात. आमच्याकडे रिवाज आहे, प्रत्येकानं एक टाइल निवडायची आणि जिनं बसवली तिनं तिचा नंबर लिहून द्यायचा. तो कागद ते वर घेऊन जातात.

कप्तान हॅस्केल माझ्याकडे आला. दाढी करताना हनुवटीखाली कापून घेतलेलं, त्यावर कागदाचा कपटा. थुंकी लावूनच चिकटवला असणार, सगळे पुरुष तसंच करतात.

"तुमची कुठली, मिस आर्डेल? मला घरी आणायचंय तिनं."

माझ्या दहातली एक बरोबर त्याच्या डोक्यावर होती. मी तीन ओळी सोडून डेल्फीनची दाखवली. डेल्फीननं माझ्याकडे बघितलं. त्यानं बोटाची पापी घेऊन ते टाइलला टेकवलं. "कागदासारखी हलकी आहे हो!"

"पण भाजू देत नाही," मी म्हटलं. थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बुधवार, २० मार्च

बाहेर निघताना डेल्फीननं गाठलं. "माझी का दाखवलीस?"

"तुझी चांगली बसलीय."

"तुझ्या नाही बसल्या?"

मी गाडीत बसले, दार लावलं. घरापर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या. तरी तो वास! ओझेले, मेलीस तरी पिच्छा सोडत नाहीस.

हाकलतील. चोवीस वर्षांच्या पोरी मला "चल निघ" म्हणतील. नात विचारेल, आजी, तुझा बिल्ला कुठंय? सांगेन काहीतरी. हॅस्केलच्या पोरांना काय सांगू?

उद्या बोलणार.

गुरुवार, २१ मार्च

प्रेंटिसला सगळं सांगितलं. अकराही नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यानं पेन खाली ठेवलं, बराच वेळ डोळे चोळले.

म्हणाला, "थुंकीचं सांगायला या आठवड्यात आलेल्या तुम्ही नवव्या, मिस आर्डेल. आणि नंबर आठवणाऱ्या पहिल्या."