हात वर केलेला सेनापती

३ एप्रिल १९८३, सकाळ
लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नाही आणि आमच्या गल्लीत टँकरवर रोज मारामारी. काल शेजारच्या पंचफुलाबाईचं डोकं घागरीनं फोडलं. फोडणारा ग्यानोबा हॉटेलवाला. आधी त्याची पिंपं भरतात, मग गल्ली. कुणीतरी पुढं यायला हवं. मीच येणार.

दुपार
फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. वडिलांनी हैदराबादच्या लिलावात घेतलेली जुनी जर्मन चित्रं काढून बसलो. दगडावर काढून छापलेली, सगळा रोमचा इतिहास. एक जण एकटा पूल अडवून लढतोय. एकानं स्वतःचा हात निखाऱ्यात धरलाय, कपाळावर आठी नाही. एक बाप पोटच्या पोरांची मुंडकी उडताना बघतोय. आपल्याकडे ही डिसिप्लिन नाही.
सगळ्यात मोठं चित्र माझं आवडतं. भर सभेत सेनापतीनं नुसता हात वर केलाय, सगळे त्याच्याभोवती गोळा. खालची जर्मन अक्षरं लागत नाहीत, पण चित्र समजतं. ठरलं. हत्यार नको, फक्त हात.

५ एप्रिल
निखाऱ्याची प्रॅक्टिस केली. उदबत्तीवर. बोटाला फोड. पहिल्या दिवशी एवढं पुरे.
पार्वतम्माला बेत सांगितला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याची ओळख नाही. म्हणाली, “तुमी दुकानातच ऱ्हावा. पानी मी आनते.”

६ एप्रिल
कॉलेजात इतिहास शिकवणारे सिद्धलिंग सर आले. मोठं चित्र दाखवलं. म्हणाले, हा सीझर. हात वर केलाय तो वार अडवायला, भोवतालचे त्याचा खून करतायत, खंजीर बघा की.
सरांचा चष्मा जुना आहे. खंजीर मलाही दिसले. सलामीचे असणार.

८ एप्रिल, सकाळ
धुतलेलं धोतर, खांद्यावर चित्रातल्या सेनापतीसारखी पांढरी चादर. निघालो.

९ एप्रिल, सरकारी दवाखाना
डाव्या हातानं लिहितोय.
काल टँकरवर ग्यानोबाच्या पिंपांपुढं उभा राहून हात वर केला. क्षणभर सगळे थांबले. हे कुणी नाकारू शकत नाही. मग ग्यानोबानं भज्यांचा झारा मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. त्याच्या माणसांनी चादर ओढून पाडलं, लाथांनी तुडवलं. मी पडून राहिलो. तो डावपेच.
पुढचं पंचफुलाबाईनं येऊन सांगितलं. बायका चालून गेल्या. पार्वतम्मानं भरली बादली ग्यानोबाच्या तोंडावर घातली. दात पडले, टँकरवर रक्त उडालं. तो पडल्यावरही ती मारत होती, चौघींनी ओढून काढली. मग बायकांनीच लाईन लावली, गल्लीनं पाणी भरलं.
सुरुवात माझी, हे पंचफुलाबाई बोलली नाही. विसरली असेल.

१० एप्रिल, दुपार
शेजारच्या खाटेवर ग्यानोबा. सकाळपासून मी डोळे मिटून. भीती नाही, विश्रांती.
पार्वतम्मा टँकरवर गेलेली. घसा कोरडा पडला. तांब्या खाटेखाली, फासळ्या वाकू देईनात. नर्सबाईला हाक मारायला गेलो, आवाज निघेना.
खाट करकरली. ग्यानोबा उठून माझ्याकडं आला. मला घाम फुटला. त्यानं तांब्या उचलून माझ्या तोंडाला लावला.
सुजल्या तोंडानं हळूच म्हणाला, “पी, मडिवाळप्पा. अन् वहिनीला तेवढं सांग, आता मारू नको म्हनावं.”
पाणी प्यालो. म्हणालो, सांगून बघतो.