विश्वास स्थावर की जंगम

मी, या कागदाखाली सही करणारा, धंद्याने पुस्तकबांधणीवाला, धर्माने ख्रिस्ती, विधुर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे मन शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते जागेवर असल्याचा दाखला त्यांनी दिलेला नाही. माझी पत्नी हयात असती तर तिने तो देऊही दिला नसता.

मिळकत लिहून घेताना वकीलसाहेबांनी विचारले, स्थावर काय आणि जंगम काय? मी म्हटले, माझा प्रभूवरचा विश्वास कशात धरायचा? त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि समजावले की जागचे हलत नाही ते स्थावर, हलवता येते ते जंगम. मग माझा जंगमच. उपासनेला तो माझ्याबरोबर बाकावर बसे आणि पहिले गीत संपता संपता खिडकीतून पसार होई. कधी दुकानातली खळ आंबली का ते बघायला, कधी शाळेच्या वर्गात जाऊन तोंडपाठ कविता म्हणायला. मंडळीचे 'आमेन' झाले की पत्नीचे कोपर बरगडीत बसे आणि मागाहून माझे एकट्याचे 'आमेन' उठे. पाळकांना वाटे, या माणसाला केवढी कळकळ!

१. राहते घर व मागची कामाची खोली थोरल्या मुलीस. आई गेल्यापासून तिने चर्चमध्ये पाऊल टाकलेले नाही, आणि माझ्या अंत्यविधीलाही टाकणार नाही, असे तिने मला तोंडावर सांगितले आहे. त्यावर वकीलसाहेबांनी तोडगा काढला: उपासनेस हजर राहील तरच घर, अशी अट घाला. मी नको म्हटले. काहीतरी मिळेल म्हणून येऊन बसणारे मंडळीत आधीच भरपूर आहेत. घर बिनशर्त तिचे.

२. बँकेत उरेल ते धाकट्या मुलास. हा रोज पहाटे साऱ्या नातेवाइकांना उगवत्या सूर्याच्या चित्रासह शास्त्रवचन पाठवतो. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिलाही पाठवले. स्वतः यायला त्याला सवड झाली नाही, सूर्य रोज उगवतो ना. शिवाय माझा लोखंडी शिकंजा त्याला द्यावा. खळ सुकेपर्यंत पुस्तक त्यात दाबून ठेवतात. एका जागी थांबल्याशिवाय काही चिकटत नाही, हे त्याला त्यावरून उमगावे. न उमगल्यास भंगारवाला कोपऱ्यावरच आहे.

३. चर्चच्या मुख्य पंचांस एक पान, कातडी बांधणीत. इतिहास मंडळीला माहीत आहे, तरी नोंद असावी. व्यासपीठावरचे पवित्र शास्त्र नव्याने बांधताना, शेजारी पडलेल्या शालेय कवितांच्या पुस्तकातले एक पान गुणगुणण्याच्या नादात माझ्याकडून स्तोत्रांमध्ये शिवले गेले. घरची वाट विसरलेल्या ढगाची कविता होती. पंचांनी ती पुढच्या रविवारी गहिवरून वाचली आणि मंडळी 'आमेन' म्हणाली. त्या दिवशी माझे 'आमेन' सर्वांच्या आधी गेले, कारण मी प्रथमच शब्दन्‌शब्द ऐकत होतो. त्यावरूनच पकडलो गेलो. पुढे पंचांनी मला गीतपुस्तकालाही हात लावू दिला नाही. पान आता त्यांचेच. गहिवर त्यांच्यापाशी आहेच.

४. दाभण, सुया व पटाशी शेजारच्या शिंप्यास. आजवर मागून नेलेली कात्री त्याने परत करू नये. उगाच सवय मोडेल.

५. अंत्यविधीबाबत. पत्नीच्या आजारपणात संध्याकाळची प्रार्थना तीच करी, धाप लागत असतानाही. मी उशाशी बसे. एकदा असाच भरकटलो होतो, त्या ढगामागेच बहुधा. थोरली तेव्हाच देवाशी बोलेनाशी झाली होती. ती पलीकडे औषधाची बाटली धुवत होती. ती उठून आली आणि माझ्या बरगडीत कोपर बसले.

"बाबा, आमेन म्हणा. आई थांबलीये."

जिचे देवाशी भांडण होते तिला प्रार्थना कुठे संपली ते कळले. मी, मंडळीतला जुना विश्वासणारा, मला कळले नाही. तेव्हापासून थोरलीसाठी प्रार्थना करताना माझे मन फार लांब जात नाही. गेलेच तर तिच्याचकडे जाते.

म्हणून विनंती, अट नव्हे. शेवटच्या प्रार्थनेला सगळे 'आमेन' म्हणतील आणि माझे राहून जाईल. थोरलीने तेव्हा माझ्या शवपेटीला एकदा कोपर मारावे. तिला आत यायचे नसेल तर पेटी दारापर्यंत आणावी आणि तिने पायरीवरून मारावे. त्या दिवशी मी उचलून नेता येण्याजोगाच असेन. वकीलसाहेबांच्या भाषेत, जंगम. पंचांनी मध्ये येऊ नये.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: रविवार, उपासना सुटल्यावर

सही: पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी (कलम चार वाचून सही केली, कात्रीबद्दल वाद आहे)
२. समोरचा चष्मेवाला (वाचले, पण चष्मा विसरला होता)

सह्या झाल्यावर ध्यानात आले, एक राहिलेच:

आमेन.